हात लावू नकात

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, आणि आता सातवीलाच विज्ञान शिकवते. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं मला वाटलं नाही, कारण तुमच्या मरणाबद्दल गावात कुणाला काही विचारायचंच उरलं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी, देवळात, हातात देवाचा तरंग असताना माणूस जातो म्हणजे देवानेच त्याला हाताला धरून नेलं. असं मरण मागूनही मिळत नाही, असं बायका आईला सांगायच्या आणि आईने ते घट्ट धरून ठेवलं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळी छातीत जळजळतंय म्हणालात. उपासाचं पित्त म्हणून आईने कोकमाचं आगळ पाण्यात घालून दिलं, तुम्ही ते उभ्यानेच प्यायलात आणि निघालात. दुपारी ढोल वाजतायत, गावकर गाऱ्हाणं घालतोय, सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतोय आणि साडी नेसवलेली ती तरंगाची उंच काठी धरून तुम्ही मधोमध उभे आहात. दरवर्षी अवसार यायचा तेव्हा तुम्ही आधी थरथरायचात, मग तुमच्या तोंडून देव बोलायचा. त्या वर्षी थरथर नाही, काही नाही. तुम्ही सरळ कोसळलात. काठी लोकांनी वरच्यावर झेलली. तुम्हाला कुणी झेललं नाही. काका धावला तर गावकर ओरडला, "हात लावू नकात! देव आसा आंगात!" मग सगळे हात जोडून गोल उभे राहिले. तुमचं तोंड उघडलं, घशातून घर्र असा आवाज आला. देव बोलतोय म्हणून लोकांनी कान दिले. एकाने तर घाईघाईने विचारलं, "महाराजा, माज्या झिलाक नोकरी गावतली काय?" तुम्ही पुन्हा एक आचका दिलात. "व्हय म्हणता!" म्हणत तो पाया पडला. त्याच्या मुलाला पुढे नोकरी लागलीही. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

गेल्या महिन्यात सावंतवाडीला आम्हा शिक्षकांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. असली प्रशिक्षणं आमच्या पाचवीलाच पुजलेली. जेवण बरं असतं म्हणून जायचं. तिथे एका डॉक्टरबाईंनी अर्धा रबरी पुतळा जमिनीवर ठेवला आणि छातीच्या मधोमध तळहात रोवून, कोपर न वाकवता, जोरात आणि भरभर कसं दाबायचं ते दाखवलं. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही, म्हणाल्या. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं, गाडी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "हृदय बंद पडलेला माणूस मधूनमधून आचके देतो. लोकांना वाटतं, श्वास चालू आहे. तिथेच फसतात." आणि त्यांनी तो आवाज काढून दाखवला. बाबा, तो आवाज मी कुठेही ओळखला असता. माझी पाळी आली तेव्हा मी अशी दाबत सुटले की बाईंनी खांदा धरून मला बाजूला केलं. माझ्या डोळ्यांपुढे आपलं देऊळ होतं. नांगर धरणारे, चिरे उचलणारे एवढे धट्टेकट्टे पुरुष, आळीपाळीने दाबायला हवे तितके, आणि सगळ्यांचे हात जोडलेले. तुम्ही वाचलाच असतात असं मी म्हणत नाही, दवाखाना तेव्हाही लांबच होता. पण कुणी दाबून तरी बघायचं होतं! मला भयंकर राग येतो आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. गावकर गेला, काका गेला, आणि त्या बिचाऱ्यांना तरी काय ठाऊक होतं?

शनिवारी घरी गेले ती आईला सगळं सांगायचंच असं ठरवून. एकटीने बाळगायला जड झालं होतं. आई बांगड्याच्या आमटीसाठी तिरफळं ठेचत होती. मी म्हटलं, "आये, बाबांविषयी कायतरी सांगूचा आसा." तिने हात थांबवला.

"माका पण कितीक वर्सां तुका एक इचारूचा आसा," ती म्हणाली. "तू थंय फुडे हुतंस. मी बायकांत मागे रवलंय, माका दिसूक नाय. तेंका दुखला काय गो? देव आसताना दुखणा नाय, असा सगळे म्हणतत. पण तो आवाज माज्या कानातसून जाणा नाय."

म्हणजे इतकी वर्षं तिलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं.

"नाय गो आये," मी म्हटलं. "देव हुतो मा आंगात. तेंका काय कळाकसुदीक नाय."

ती पुन्हा ठेचायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू काय सांगी हुतंस?"

"काय नाय. ट्रेनिंगाक गेललंय, ता."

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. प्रशिक्षण संपताना डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "कुणाला काही शंका?" आचके देणाऱ्या माणसाला तेव्हा काही कळत असतं का, हे विचारायला मी हात वर केला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसा मी तो खाली घेतला.