बाबांनी दाखवलेली नर्मदा

बाबा,

आज दुपारी घरात कोणी नाही, म्हणून ब्रेलची पाटी घेऊन बसले आहे. एकेक ठिपका टोचत लिहायला वेळ लागतो, पण तुमच्याशी बोलायला आता घाई कसली?

देवी येऊन माझे डोळे गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्याच वर्षी लढाई सुरू झाली आणि रांझीच्या आपल्या कामगार-लाइनीतले सगळे बाप तोफांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइमला जुंपले गेले. महिन्यातून एखादा रविवार तुम्हाला मिळायचा. तशा एका रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला ग्वारीघाटाला नेलं. मी विचारलं, "नर्मदा कशी दिसते, बाबा?" तुम्ही लेथवर काम करणारे, बोलणं मोजकंच. "पाणी आहे, बेटा. पाणी कसं असते?" मला रडू फुटलं. "काहून रडून राहिली?" मग माझा हात धरून पाण्यात बुडवलात. "इथं हिरवी आहे, कैरीच्या सालीसारखी. अन् धारेच्या मधात ऊन पडलं ना, तिथं पितळेचा कीस सांडल्यासारखी चमकून राहिली. मी लेथवरचा आणला होता, तसा." तो कुरळा कीस माझ्या बोटांना ठाऊक होता, पिवळा रंग मला अजून आठवत होता. दोन्ही एकमेकांना भेटले, आणि मला नदी दिसते. पायरीवर बसले आहे, पावलं गार पाण्यात, आणि पैलतीरापर्यंत पितळेची वळणं हळूहळू वाहत चालली आहेत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "दिसत नाही अन् म्हणते, नर्मदा पाह्यली! खोटं नाही बोलू, बेटा." तुम्ही ड्यूटीला निघाला होता. सायकल भिंतीला टेकवून परत आलात. आवाज चढवला नाहीत. "पाह्यली तिनं, वहिनी. मी होतो ना सोबत."

परवा भाचीनं मला घाटावर नेलं. म्हणाली, "मावशी, पाणी एकदम मटमैला आहे, नुसतं गढूळ." मी मान डोलावली. माझं पाणी हिरवंच राहिलं.

हे पत्र मी कुणाला देणार नाही. घरात ब्रेल मला एकटीलाच येते, म्हणून लिहायचा धीर झाला. तुमच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "माझा चेहरा आठवते का तुला?" मी लगेच म्हटलं, "हो बाबा, अगदी स्पष्ट." तुमचा श्वास संथ झाला. पण तो चेहरा माझ्या मनातून केव्हाच पुसला गेला होता. सगळ्या जगाचं वर्णन तुम्ही केलंत, स्वतःचं राहून गेलं. त्या वेळी हात पुढे करून तुमचं कपाळ, नाक, गाल चाचपले असते तर कळलं असतं. हात उचललाही होता. पण खोटं उघडं पडेल म्हणून तुमची चादर नीट केली.