ग्लासगोला दिलेला नकार

आर्वी

ती. नलूआत्या,

साष्टांग नमस्कार (पत्रातून तो सोपा पडतो). आतोबांचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे ठीक.

माझं इंग्लंडमधलं प्रशिक्षण संपल्यावर तीन दिवस मोकळे आहेत आणि आई सोबत येणार आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा आणि ग्लासगो या दोन शहरांतलं एक निवडायचं होतं. तुझ्या वहिनीने जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण मोठ्या चित्रकारांची चित्रं पाहिली ती पुस्तकात, पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठी. खरं चित्र समोर उभं राहून पाहायचं, एवढंच तिला हवं आहे.

मी दोन्हीकडच्या एकेका घरगुती लॉजला चौकशीचा मेल केला आणि त्यात आईची ही इच्छाही लिहिली. चूक ही झाली की तो बाबांच्या देखत केला. त्यांनी बाबाराव काकांना बोलावलं (आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं काकांनी जुळवलेली) आणि चिवड्याची बशी संपेपर्यंत दोन शहरांची दोन स्थळं झाली. ग्लासगो कष्टाळू, जहाजं बांधणारं, स्वभावाने मोकळं. एडिंबऱ्याला मात्र किल्ला आणि राजवाडा. घराणं पाहून काकांनी एडिंबरा पक्कं केलं. आईने एकच विचारलं, की चित्रासमोर किती वेळ उभं राहू देतात? कुणाचं लक्ष नव्हतं. तिथल्या सगळ्या चर्चेत कामाचा प्रश्न तेवढाच होता.

दोन्ही शहरांत रेल्वेने तासाभराचं अंतर आहे (आपल्या एसटीला वर्ध्याला जायला याहून जास्त वेळ लागतो), तर दोन्ही पाहू, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "पोरी, ज्याले नाई म्हटलं त्याच्या दारावून जात नसते. काय वाटीन त्याईले?" तिकडे वाईट वाटू नये म्हणून बाबांनी ग्लासगोच्या लॉजवाल्या बाईंना रीतसर नकार सांगितला आणि मी त्याचं इंग्रजी केलं (पदरचं काही घातलं नाही): आपलं ठिकाण सर्वांना पसंत होतं, पण योग नाही. मनाला लावून घेऊ नये. आपल्याला आमच्याहून चांगले पाहुणे मिळोत.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं: इतकी वर्षं खोल्या देते, पण इतक्या प्रेमाने मला कुणी नाकारलं नव्हतं. चित्रांचं दालन घरापासून चालत जाण्याजोगं आहे, तिकीट नाही, बंद होईपर्यंत कुणी उठवत नाही. विचार बदललाच तर आईंसाठी घडीचं स्टूल माझ्याकडे आहे.

बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. आई म्हणाली, "मी इथेच जाणार." तिने कुणालाही न विचारता काही ठरवलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि ते मला फार आवडलं. काकांचीही हरकत उरली नाही: "त्याईनं आपून होऊन पुन्हा इचारलं, आता चालते."

तुझी,
इला

ता. क. आईचं अडलंय ते बाबांना एकटं ठेवण्यावरून. त्यांना गॅस पेटवता येतो, बंद करायचा लक्षात राहत नाही. प्रशिक्षण आणि प्रवास धरून आठ दिवस त्यांना तुझ्याकडे हिंगणीला ठेवून घेशील का? तू हो म्हटलंस तरच आई निघेल.

आणखी एक. "मी काय लहान हाव काय?" म्हणून ते तयार नव्हते. शेवटी तुझी तब्येत बरी नसते असं मी सांगितलं, तेव्हा लगेच बॅग काढायला उठले. तरी तेवढे आठ दिवस कृपया आजारी राहा. आजाराचं नाव मी सांगितलेलं नाही. तुला जमेल तो निवड.