वहिनीनं उघडलेली वही

कुंभकोणम्, शुक्रवार, रात्र

आज बँकेतून परस्पर जवळच्या चोळपुरम्‌ गावी गेले, तिथं भजनाच्या सरावात पद्मावहिनीनं सगळ्यांसमोर माझी वही उघडून दाखवली. हसत म्हणाली, "बघा, ही अभंग तमिळ अक्षरांत लिहून गाते. मराठी वाचता येत नाही, आणि पुढं बसायची हौस."

खोटं नाही ते. घरात आम्ही मराठी बोलतो, पण शाळा तमिळ. देवनागरी मी आत्ता, चाळिशीत, बँकेतून आल्यावर गिरवतेय. पण ती वही मी फक्त वहिनीला दाखवली होती. अर्थ अडला की तिच्याकडेच धावायची. मागच्या आठवड्यात भजन चालवणाऱ्या मामांनी मला पुढं बसून गायला सांगितलं, तेव्हापासून ती गप्पच होती. मला कळायला हवं होतं का?

मामा एवढंच म्हणाले, "उद्या तूच गायचंस, बाळ."

येताना बसमध्ये वहिनी शेजारीच बसली. "गंमत केली गं," म्हणाली. मी खिडकीकडे सरकले. वही मांडीवर घट्ट धरून.

उद्याचे अभंग मला पाठ आहेत. तरी वही नेणार, आणि समईपुढं उघडी ठेवणार. त्यातले निम्मे अर्थ वहिनीनंच स्वतःच्या हातानं लिहिलेत, तेही तमिळ अक्षरांतच. ते कुणाचं अक्षर, हे मी कुणाला सांगणार नाही. तिला मात्र स्वतःचं अक्षर लांबूनही ओळखू येईल.