खिडकीखालचं टेबल

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच : सूड. राग थंड होऊ नये म्हणून लिहून ठेवतोय.

माजिवड्याच्या ऑफिसात बावीस वर्षं मी इंटिरिअरची ड्रॉइंग काढतोय. आज बाळकुमच्या बंगल्याचं थ्री-डी मॉडेल क्लायंटला दाखवलं. समोरून एक नंबर. सोफा भिंतीला टेकलेला, टीव्ही जागेवर. तेवढ्यात शिवानीने (वय पंचवीस, नोकरी आठ महिने) माउस घेतला आणि मॉडेल गरकन फिरवलं. कोणी सांगितलेलं? सोफा निघाला बंगल्याबाहेर, गेटजवळ. क्लायंटच्या आई सखुबाई, त्यांनी विचारलं, हा वॉचमनसाठी आहे का. सगळे खिदळले. वर शिवानी म्हणते, काका, एकदा फिरवून बघत जा ना.

काका! क्लायंटसमोर!

निश्चय : मॉडेल फिरवणार नाही. तिने सांगितलंय म्हणून तर मुळीच नाही.

५ नोव्हेंबर
जेवण जात नाही. कलावतीला सगळं सांगितलं. म्हणाली, पोरगी बरोबरच बोलली असेल. बायको आपली, पण पार्टी समोरची.

१० नोव्हेंबर
देव आहे!

ऑफिस बाराव्या मजल्यावर शिफ्ट होतंय. कोणाचं टेबल कुठे, हे मॉडेलमध्ये लावायचं काम प्रीतम सरांनी मला दिलं. लांबट हॉल. पलीकडच्या टोकाला, उजव्या हाताला, खिडकी. तिथून येऊरचे डोंगर दिसतात. अलीकडच्या टोकाला, तेही उजव्याच हाताला, टॉयलेट. सरांच्या कच्च्या प्लॅनमध्ये खिडकीकडे कोण? शिवानी. आणि मी अलीकडे, डावीकडे, मेन दाराशी. वॉचमन!

टेबलं जमिनीला फिक्स होणार, वायरी लाद्यांखालून. एकदा बसलं की बसलं.

प्लॅन : मी खिडकीखाली. ती टॉयलेटच्या दाराशी. बघतोच आता.

१२ नोव्हेंबर, दुपारी
फत्ते.

सॉफ्टवेअरमध्ये अलाइन म्हणून सोय आहे. माझं टेबल सिलेक्ट केलं, खिडकी दाखवली. विचारतं, कुठल्या दिशेने जुळवू? डावं-उजवं, वर-खाली, मागे-पुढे. मी फक्त डावं-उजवं टिक केलं. वर-खाली केलं असतं तर टेबल खिडकीत चढलं असतं, एवढं कळतं मला. आणि मागे-पुढे कशाला? समोरून ते दिसतच नाही. टेबल सरकत गेलं ते थेट खिडकीखाली.

मग शिवानीचं टेबल टॉयलेटच्या दाराला जुळवलं, तस्संच. समोरून बघतो तर बाईसाहेब गायब! माझ्या टेबलामागे पार झाकल्या गेल्या. मी पुढे, ती मागे. बावीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात न्याय झाला.

फिरवून बघायचा मोह झालेला. आवरला. निश्चय म्हणजे निश्चय.

१३ नोव्हेंबर
सरांनी फाईल बघितली. विचारलं, तुम्हाला नक्की हीच जागा हवी? म्हटलं, नक्की, एवढा हक्क आहे माझा. सर उठून जवळ आले. मग पाठीवर हात ठेवला. जळले असणार.

१७ नोव्हेंबर
शिवानी रडकुंडीला. कॉफी घेऊन आली. म्हणाली, काका, तुमची जागा बघितली, मला कसंतरीच वाटतंय, आपण बदलून घेऊया का. म्हटलं, आता कसंतरी वाटून काय उपयोग, बाळा? तू तुझ्या जागी सुखी राहा, मी माझ्या. तिच्या डोळ्यांत पाणी. जरा वाईट वाटलं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. कॉफी प्यायलो.

२४ नोव्हेंबर
कलावतीला खिडकीचं सांगितलेलं. तिने अख्ख्या ठाकुर्लीला सांगितलं. तळमजल्यावरच्या विमलाबाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, डोंगर दिसतो म्हणे. म्हटलं, पूर्ण. १ तारखेला शिफ्टिंग, दुसऱ्या दिवशी मंगळवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरलाय. मेहुणीही येतेय बघायला.

१ डिसेंबर, सोमवार
नवं ऑफिस. नारळ फुटला.

माझं टेबल टॉयलेटच्या दारात. दार उघडलं की खुर्चीला लागतं. येणारा प्रत्येकजण विचारतो, काका, आत कोणी आहे का. शिवानी तिकडे, खिडकीच्या अगदी मधोमध. सरांच्या प्लॅनमध्ये जरा कडेला होती. मधोमध मी आणली.

सरांनी भाषण केलं. म्हणाले, ऑफिसातला सर्वांत सीनियर माणूस, आणि त्याने ही जागा स्वतः मागून घेतली, याला मोठेपण म्हणतात. टाळ्या. शाल. मलाही दोन शब्द बोलायला लावले. मी म्हटलं, माणूस जागेने मोठा होत नसतो. तेवढ्यात आतून फ्लश झाला.

जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, फाईल उघडली. फिरवून बघितली : माझं टेबल उजवीकडे सरकलेलं, पण टोक अलीकडचंच; खिडकी पार पलीकडे. बंद केली.

तसं वाईट नाही. एसीचा झोत इथपर्यंत येत नाही, गुडघ्यांना बरं. आणि सूड संपलेला नाही, फक्त पुढे ढकललाय.

पण उद्याचा व्हिडिओ कॉल? कलावतीला सांगायची हिंमत होईना. शेवटी संध्याकाळी शिवानीकडे गेलो. म्हटलं, उद्या एक वाजता पाच मिनिटं तुझ्या खुर्चीत बसू का? घरच्यांना डोंगर दाखवायचाय. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या टेबलाकडे बघितलं. हसली नाही. म्हणाली, बसा ना काका, त्यात काय.

मी निघालो, तर मागून हळूच म्हणाली, काका, फक्त फोन फिरवू नका.