रोशनीला शिकवलेलं पडणं

प्रिय त्रिवेणी,

"कुबड्या बाहेर ठेवून येऊ नकोस, त्यासुद्धा नाचल्या पाहिजेत," असं तू नारायणगुड्याच्या तालमीच्या हॉलमध्ये म्हणाली होतीस. एकोणीस वर्षं झाली. तोवर सगळे मला बसायलाच सांगायचे. लग्नकार्यात सुद्धा आधी माझ्यासाठी खुर्ची शोधायचे. मी लाजले, तर तू "नखरे नक्को" म्हणून हसलीस.

आईचा गुडघा आता बरा आहे. तिने तुझ्यासाठी घातलेलं अंबाडीचं लोणचं अजून इथंच आहे. दोन महिन्यांत तू आमच्याकडे मलकपेठेला फिरकली नाहीस. मला वाटलं, दौऱ्याची धावपळ असेल.

जानेवारीत तू रोशनीला माझ्याकडे पाठवलंस. पुढे नव्या मुलींना शिकवायला हिला तयार कर, म्हणालीस. धडधाकट पोर, कुकटपल्लीहून दोन बस बदलून यायची. लहानपणी भरबाजारात मी पडले होते, त्यावरच आपलं नाटक उभं आहे, म्हणून मी तिला तेच पडणं शिकवलं. आधी डावी कुबडी सोडायची, मग खांदा, मग कोपर. चेहरा मात्र लोकांकडेच, कारण त्या दिवशी मी त्यांचेच चेहरे बघत होते. हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला रोशनी फार डौलात पडायची. मी रागावायचे, इतकं छान कुणी पडतं का गं? चार महिन्यांनी ती अशी पडली की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

काल ती आली आणि दारातच रडायला लागली. दौऱ्यातल्या दिल्लीपासूनच्या नऊही प्रयोगांत माझ्या जागी तीच आहे. तुझा मेसेज तिने दाखवला. "भाग्याला प्रवास झेपणार नाही, तिला इतक्यात सांगू नकोस." त्रिवेणी, मला झेपेल का, हे तू मलाच विचारलं नाहीस. इतरांनी कधी विचारलं नाही, त्याची मला सवय आहे.

मला सांगितलं म्हणून रोशनीला रागावू नकोस. तिलाच करू दे, मी भांडायला येणार नाही. पण पत्रकावर 'सर्व कलाकार दिव्यांग' असं छापलंय, म्हणून हे पत्र. प्रयोगानंतर सगळे नमस्काराला पुढे येता, तेव्हा रोशनीला कुबड्या खाली ठेवून आपल्या पायांनी चालत येऊ दे. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. तरी एवढं कर.

तुझीच,
भाग्यलक्ष्मी