लक्ष्मीपुढचा लाल सिग्नल

चिरंजीव जावईबापू गुरुराज यांस,

सोलापूरहून मायाप्पाचा आशीर्वाद. (जावयाला आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा यात मी अजून गोंधळतो. दोन्ही घ्या, जास्त झालं तर आमच्या सोनमला द्या.) इकडं आम्ही दोघं बरे आहोत. माझा बीपी डॉक्टरांच्या मते मिठानं वाढतो आणि तुमच्या सासूबाईंच्या मते विचारानं. तुमची सर्दी गेली का? बेंगळूरच्या हवेत कानाला मफलर बांधत जा. ऑफिसात हसले तरी बांधा.

तुम्ही दसऱ्याला येऊन रेल्वे घेऊन जाणार असं सोनमनं कळवलं. त्याआधी इथं काय काय घडलं ते तुम्हाला कळावं आणि माझे आभारही पोचावेत म्हणून लिहितो आहे, कारण फोनवर मी घाबरून भलतंच बोलतो. तुमची बेंगळूरला बदली झाली तेव्हा तुम्ही हातानं जुळवलेली ही खेळण्यातली रेल्वे (खेळण्यातली म्हणू नये, मॉडेल म्हणावं, हे लक्षात आहे) आमच्या माडीवर ठेवलीत आणि म्हणालात, मामा, नुसती झाकून ठेवू नका, चालवा. चौथी शिकलेल्या माणसावर एवढा भरवसा माझ्या बापानंही ठेवला नव्हता. तो मला शेळ्यासुद्धा मोजून द्यायचा आणि संध्याकाळी मोजून घ्यायचा.

शिकवलंत त्याबद्दलही आभार. रूळ जिथं फुटतो तो सांधा फोनवरून फिरवायचा, प्रत्येक सांध्याला वेगळा नंबर द्यायचा, कुठले सांधे कुणीकडं वळले की कुठला सिग्नल हिरवा व्हायचा हे एकदा बांधून ठेवलं की त्याचा रूट होतो, हे सगळं तुम्ही स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, न चिडता, पुन्हा पुन्हा सांगितलंत. मी आधी दोन सांध्यांना एकच नंबर दिला होता. एक फिरवला की कोपऱ्यातला दुसरा आपोआप खट्कन वळायचा. मला वाटलं माडीवर आणखी कुणीतरी आहे. तुम्हाला फोन करायच्या आधी मी देवळात जाऊन अंगारा लावून आलो होतो, ते तेव्हा सांगितलं नाही.

मग गौरी आल्या. लक्ष्म्यांपुढं यंदा रेल्वेचीच आरास करायची असं हिनं ठरवलं आणि सगळे रूळ खाली आणून दारापासून लक्ष्म्यांपर्यंत मांडले. डब्यांत तांदूळ, गहू, गूळ भरायचा आणि गाड्या दारातून आत यायच्या. इथवर छान होतं. पण ऐन वेळी हिनं अट घातली, की लक्ष्मीपुढून एकही गाडी बाहेर जाता कामा नये. "घरात आलेली लक्ष्मी भाईर धाडताय व्हय?" असं तिनं विचारलं. मी बाहेर जायचा रूटच फोनमधून काढून टाकला आणि तिकडचे सिग्नल कायमचे लाल करून ठेवले. सगळं आत घेतलं की ते आतच राहणार, एवढा साधा विचार (एरवी मी नको तेवढा करतो) तेव्हा नेमका सुचला नाही.

हळदीकुंकवाला बायका जमल्या. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई चंद्रव्वा, अगदी पुढं पाटावर. (त्यांच्याबद्दल मला आदर आहेच, पण त्या बघायला लागल्या की माझ्या हातातली वस्तू पडते.) तांदळाची गाडी आली, बायकांनी हात जोडले. गव्हाची आली, ती शेजारच्या रुळावर लावली. लक्ष्मीपुढं रूळ दोनच. तिसरी गुळाची निघाली ती दारातच अडकली. रूट लागेना. फोनवर एकच सूचना येत होती, पुढं जागा नाही. गुळाला मुंग्या लागल्या. कुणी विचारलं गाडी लेट आहे का, कुणी म्हणालं तोवर चहा तरी सांगा. मी स्वयंपाकघरात जाऊन तुम्हाला फोन लावला. तुम्ही मीटिंगमधून दबक्या आवाजात विचारलंत, मामा, बाहेर जायचा रूट कुठं गेला? मी म्हणालो, तुमच्या सासूबाईंनी काढायला लावला. त्यावर तुम्हाला एकदम खोकला आला. हसत होता असं मी धरून चालतो.

रूट परत कसा बांधायचा ते तुम्ही सांगितलंत, मी बांधलाही, पण हिला कोण सांगणार? ते विहीणबाईंनी केलं. त्या उठल्या, डब्यांतले तांदूळ ओंजळीनं लक्ष्मीपुढं ओतले आणि म्हणाल्या, "अंबुबाई, माल उतरला की. आता रिकामी गाडी न्हाय सोडली, तर दुसरी भरून यायची कुटनं?"

हिनं जरा वेळ लक्ष्मीच्या तोंडाकडं बघितलं. "सोडा," म्हणाली. "पण मागं मागं. देवीला पाठ दावायची न्हाय."

मी बटण दाबलं, रूट लागला, सांधे खटखट वळले आणि सिग्नल हिरवा झाला. माणूस गाभाऱ्यातून निघतो तशी गाडी लक्ष्मीकडं तोंड ठेवून उलटी, गुळाच्या गाडीशेजारच्या रुळावरून दाराबाहेर गेली. मागोमाग गूळ आत आला. विहीणबाई माझ्याकडं बघून कानडीत "छलो अद" म्हणाल्या, म्हणजे छान आहे. लग्न ठरल्यापासून माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. जावईबापू, हे तुमच्यामुळं झालं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. रेल्वे पुसून ठेवली आहे, खोकी आणली आहेत. या आणि घेऊन जा.

आपला,
मायाप्पा

ता. क. बायकांनी इंजिनाला आणि सांध्यांनाही हळदकुंकू लावलं. दारातला सांधा तेव्हापासून एकाच बाजूला वळतो. ब्रशनं झाडतो आहे. रागावू नका.

आणखी ता. क. खोकी आणली आहेत, पण भरली नाहीत. गौरी गेल्यापासून तुमच्या आई रोज दुपारी येतात. चष्मा लावून रूट बांधतात, सिग्नलवरून हिच्याशी भांडतात, चहा पितात आणि दिवेलागणीला जातात. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला कुणी नाही. त्या तसं म्हणत नाहीत. तुम्ही दसऱ्याला जरूर या, पण रेल्वे इथंच राहू द्या. मागायचं होतं ते एवढंच. वरचं सगळं धीर येईपर्यंत लिहिलं.

शेवटचं. आत्ताच त्या आल्या आणि त्यांनी पत्र वाचलं. म्हणाल्या, मला काय धाड भरली एकटीला, ह्या मायाप्पालाच रेल्वे झेपत न्हाय म्हणून मी येती, असं लिवा. लिहिलं आहे. आणि ते खोटंही नाही, जावईबापू. मला एकट्याला झेपत नाही.