आईच्या कमरेएवढं वावर

पिंपळगाव राजा

प्रिय गजू,

फोनवर आईचा विषय निघाला की तू ठेवायची घाई करतोस, म्हणून लिहिते आहे. रागानं लिहीत नाही. निदान तसं मला वाटतं.

वावर विकल्याचं आईला आठवत नाही. आधी मी रोज खरं सांगायचे आणि ती रोज नव्यानं रडायची. मग मी सांगणं सोडलं. तिच्यासाठी सोडलं की माझ्या सुटकेसाठी, कोण जाणे. उजाडायच्या आत ती खुरपं घेऊन निघते. वावर घेतलेल्या कारभारीनं धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, रानडुकरांसाठी करंटची तार लावली आहे. परवा तो ती बंद करायला गेला, तेव्हा आई तारेपासून हातभर अंतरावर उभी होती. तोच तिला घरी घेऊन आला. चिडला नव्हता, घाबरला होता. "ताई, माह्या हातून पाप नका घडवू," एवढंच म्हणाला.

म्हणून मी अंगणातच वावर करायला घेतलं. गोठ्यावरचे नालीदार पत्रे उतरवले, कडूबा सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. पत्र्याची कड आईच्या हाताला लागू नये म्हणून वरून पट्टी ठोकली. वाकावं लागू नये म्हणून उंची तिच्या कमरेएवढी. पत्रा तापतो, म्हणून दुपारी निंबाची सावली येते तिथे पेटी ठेवली. तळाशी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, त्यावर शेणखत, आणि वर कारभारीकडून मागून आणलेली आपल्याच वावराची माती.

आईनं ती चिमटीत चुरली आणि ओळखली. वाटलं, जमलं. मेथीचं बी पुढे केलं, तर तिनं हात मागे घेतला. "लेकीची मूठ नाई चालत वावराले. गजूले बलाव, मंग पेरू." पहिली मूठ घरच्या पुरुषाची, हे पत्रे ठोकताना माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ते पटत नाही, पण पेरा होईस्तोवर तिच्या लेखी ही नुसती पेटी आहे. वावर अजून तिकडेच. गुपचूप पेरून, गजू येऊन गेला, असं सांगता आलं असतं. आणखी एक खोटं बोलायला जीभ रेटेना.

आता मी फाटकाला कुलूप लावते. ती आतून कडी हलवते, थांबते, पुन्हा हलवते. मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहते. तिच्यासमोर उभं राहायला तू भितोस, हे मला कळतं. विक्रीच्या कागदावर सही माझीही आहे. तिला काही सांगू नकोस, फक्त मूठभर मेथी पेरायला ये. पण लवकर ये, गजू. आज कुलूप लावताना माझा हात जराही अडखळला नाही.

तुझीच,
सारिकाताई